वाऱ्यावरचे परागकण : ऋतुमानाने येणाऱ्या ॲलर्जीची कारणे व उपाय

१. व्याधीची ओळख

थंडी ओसरू लागली, की उत्तर भारतातील अनेक घरांत दरवर्षी एक ठरलेला प्रकार घडतो. सकाळी अंथरुणातून उठताच घरातील एखाद्या मुलाला एकामागून एक आठ-दहा शिंका येतात. नाकातून पाण्यासारखा पातळ स्राव वाहू लागतो. डोळे लाल होऊन चुरचुरतात. टाळूला आणि कानांच्या आतल्या बाजूस खाज सुटते. "ऋतू बदलला, सर्दी झाली," असे म्हणून घरची मंडळी आल्याचा काढा देतात. परंतु ही सर्दी आठवड्यात जात नाही. ती महिना-दीड महिना ठाण मांडून बसते आणि पुढील वर्षी जवळजवळ त्याच पंधरवड्यात पुन्हा हजर होते. दख्खनच्या पठारावर हाच प्रकार बहुधा पावसाळा सरताना, माळरानावरील गवते फुलोऱ्यावर आली असता, आढळतो.

ही सर्दी नव्हे. सर्दी विषाणूंमुळे होते. ती एकाकडून दुसऱ्याकडे जाते, तिच्यात अंग मोडून येते, कधी कसकस असते, नाकातील स्राव पुढे घट्ट होतो आणि आठ-दहा दिवसांत मनुष्य बरा होतो. येथे ज्या व्याधीचा विचार करावयाचा आहे, ती संसर्गजन्य नाही. तिच्यात ताप येत नाही, स्राव सहसा पातळच राहतो आणि खाज हे तिचे ठळक लक्षण असते. झाडे, गवते व तणे ह्यांच्या फुलांतून वाऱ्यावर सुटणारे परागकण हे तिचे कारण होय.

इंग्रजीत ह्या व्याधीला 'हे फीव्हर', म्हणजे 'वाळल्या गवताचा ताप', असे नाव पडले. ह्या नावात दोन चुका आहेत. व्याधीत ताप नसतो, आणि वाळलेले गवत हे तिचे कारण नव्हे. मराठीतील 'परागज्वर' ह्या प्रतिशब्दाने दुसरी चूक सुधारली. पहिली मात्र तशीच राहिली.

चूक केवळ नावापुरती असती तर तिचा येथे उल्लेख करण्याचे कारण नव्हते. परंतु डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूवर दोष ठेवावयाचा आणि न दिसणारे कारण मोकळे सोडावयाचे, असे ह्या व्याधीच्या बाबतीत दोनशे वर्षे होत आले आहे, आणि त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते. 'सततची सर्दी' समजून मुलांना अकारण प्रतिजैविके दिली जातात. रात्रीची झोप मोडते, वर्गात लक्ष लागत नाही. आणि उत्तर भारतात वृक्षांच्या परागांचा ऋतू व शाळांच्या वार्षिक परीक्षा नेमक्या एकाच वेळी येतात. काही जणांत तर ही व्याधी नाकापुरती न राहता दम्याचे रूप घेते. म्हणून खरे कारण कोणते, ते शरीरात काय घडवते आणि त्यावर कोणते उपाय खरोखर चालतात, हे क्रमाने पाहू.

२. कारणाचा शोध

१८१९ साली जॉन बॉस्टॉक ह्या डॉक्टरने लंडनमधील वैद्यकीय सभेपुढे एका रुग्णाची हकीकत वाचली. ह्या रुग्णाला लहानपणापासून दरवर्षी जून महिन्याच्या सुमारास डोळ्यांची आग, शिंकांची सर आणि छातीत दाटल्यासारखे होणे असा त्रास होत असे. हा रुग्ण म्हणजे स्वतः बॉस्टॉकच होता. पुढे १८२८ साली त्याने असे आणखी काही रुग्ण शोधून त्यांची माहिती प्रसिद्ध केली. लोक त्या काळी वाळत घातलेल्या गवताला दोष देऊ लागले होते. बॉस्टॉकला ते पटले नाही; त्याने उन्हाळ्यातील उष्णतेला कारण ठरवले. गवत डोळ्यांना दिसत होते, उष्णता अंगाला जाणवत होती. परंतु दोन्ही अनुमाने चुकीची होती.

खरे कारण प्रयोगाने दाखवून देण्याचे श्रेय मँचेस्टर येथील चार्ल्स ब्लॅकली ह्या डॉक्टरकडे जाते. त्यालाही हीच व्याधी होती, आणि आपल्या शरीराचीच त्याने प्रयोगशाळा केली. निरनिराळ्या वनस्पतींचे पराग गोळा करून ते त्याने स्वतःच्या नाकाला व डोळ्यांना लावले, त्वचा किंचित खरवडून तीवर ठेवले, आणि प्रत्येक वेळी काय घडते त्याची नोंद केली. त्वचेवर गांध उठे. आज रुग्णालयांत जी त्वचा-चाचणी करतात तिचे हे मूळ होय. चिकट द्रव लावलेल्या काचपट्ट्या उघड्यावर ठेवून त्याने रोज हवेतून पडणारे परागकण मोजले. एवढ्याने त्याचे समाधान झाले नाही. पतंगांना काचपट्ट्या बांधून त्याने त्या एक हजार फुटांहून अधिक उंचीवर चढवल्या आणि तेथील हवेतही पराग असतात हे दाखवले. हवेतील परागांची संख्या वाढे तसा त्याचा त्रास वाढे. ती घटे तसा तो कमी होई. हे सर्व प्रयोग त्याने १८७३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले.

योगायोग असा, की त्याच १८७३ साली कलकत्त्यात डी. डी. कनिंगहॅम ह्या वैद्यकीय अधिकाऱ्याने हवेच्या सूक्ष्मदर्शकीय तपासणीचा आपला वृत्तान्त प्रसिद्ध केला. तेथील तुरुंगाच्या आवारातील हवा तपासून, तीत तरंगणाऱ्या कणांचा पटकी, हगवण व ताप ह्यांच्याशी काही संबंध आहे काय, हे त्याला पाहावयाचे होते. तसा संबंध त्याला आढळला नाही. परंतु त्याच्या काचपट्ट्यांवर बुरशीचे बीजाणू आणि परागकण मात्र आढळले. भारताच्या हवेत काय तरंगते, ह्याचा पद्धतशीर शोध घेण्याचा हा आरंभीचा प्रयत्न होता.

स्वातंत्र्यानंतर हे काम दिल्लीची वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूट, कलकत्त्याची बोस इन्स्टिट्यूट अशा संस्थांतून पुढे चालले. औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, येथे प्रा. एस. टी. टिळक ह्यांनी सहकाऱ्याच्या साहाय्याने हवेचा नमुना सतत आठ दिवस घेऊ शकणारे एक सोपे यंत्र तयार केले. त्याचे वर्णन १९७० साली प्रसिद्ध झाले. 'टिळक एअर सॅम्पलर' ह्या नावाने ते ओळखले जाते.

३. दोषी कोणते फूल?

बागेत मोगरा, झेंडू किंवा गुलाब फुलला, की ॲलर्जीने त्रस्त झालेला मनुष्य त्यांच्याकडे संशयाने पाहतो. वस्तुतः ही फुले बहुतांशी निर्दोष असतात. ह्याचे कारण समजण्यासाठी परागाचे काम काय ते ध्यानात घेतले पाहिजे.

पराग फुलाच्या पुंकेसरात तयार होतो आणि त्याच जातीच्या फुलाच्या कुक्षीवर पोचला तरच बीजधारणा होते. हा प्रवास घडवण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. काही वनस्पती कीटकांकडून हे काम करून घेतात. त्यांना बोलावण्यासाठी रंग, सुगंध आणि मध हे सर्व खर्च करावे लागते. पराग मात्र थोडाच लागतो. तो जड व चिकट असतो, म्हणजे मधमाशीच्या अंगाला लागतो, वाऱ्याने उडत नाही. दुसऱ्या वनस्पती हे काम वाऱ्यावर सोपवतात. वाऱ्याला रंग दिसत नाही, गंध कळत नाही. म्हणून ह्यांची फुले बारीक, फिकी व गंधहीन असतात आणि फूल म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाहीत. परंतु वारा पराग कोठे नेईल ह्याचा नेम नसल्यामुळे त्यांना तो अमाप निर्माण करावा लागतो. तो हलका व कोरडा असतो आणि मैलोगणती प्रवास करतो. आपल्या नाकात शिरणारा पराग प्रायः ह्या दुसऱ्या वर्गाचा असतो. सारांश, ज्या फुलाकडे आपली दृष्टी जाते त्याचा पराग सहसा आपल्याकडे येत नाही. ज्याचा येतो ते फूल आपण पाहिलेलेही नसते.

वाऱ्यावर उडणारा प्रत्येक पराग त्रासदायक असतो, असेही नाही. हिमालयाच्या उतारांवर चिडाच्या वनांतून वसंतात पिवळी भुकटी उडते आणि घरांच्या छपरांवर तिचा थर बसतो. ती पाहून कोणालाही भय वाटावे. पण चिडाच्या परागाने ॲलर्जी झालेले लोक तुलनेने फार थोडे आढळतात. परागाच्या अंगी कोणती प्रथिने आहेत आणि ती किती सहज बाहेर पडतात, ह्यावर त्याचा उपद्रव अवलंबून असतो.

काश्मीरच्या खोऱ्यातील उदाहरण ह्याहून बोलके आहे. मे महिन्याच्या सुमारास तेथे पॉप्लरच्या झाडांवरून पांढरा कापूस बर्फासारखा उडत असतो. लोक ह्या झाडांना 'रशियन' म्हणतात, परंतु त्यांचे मूळ उत्तर अमेरिकेत आहे. हा कापूस नाकातोंडात जातो, म्हणून तोच शिंका व दमा ह्यांचे कारण, असा समज तेथे दृढ झाला. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि पुढे हजारो झाडांवर कुऱ्हाड चालली. पण तो कापूस पराग नव्हेच. मादी झाडाच्या बिया दूर नेणारे ते तंतू आहेत. त्यांनी नाक चुरचुरेल, परंतु ॲलर्जी उत्पन्न करणारी परागाची प्रथिने त्यांत नसतात. त्याच दिवसांत गवते फुललेली असतात आणि त्यांचे अदृश्य पराग हवेत असतात. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये वाळल्या गवताच्या बाबतीत जे झाले, त्याचीच ही पुनरावृत्ती म्हणावी लागेल.

४. आपल्या देशातील परागांचे ऋतू

भारतासारख्या विस्तीर्ण देशात परागांचा एकच ऋतू असणे शक्य नाही. दिल्ली व तिच्या आसपासच्या प्रदेशात असे दोन ऋतू स्पष्ट दिसतात. पहिला फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंतचा. तो वृक्षांचा असून त्यात वावळ आणि तुती ही झाडे प्रमुख होत. पानगळीनंतर उघड्या पडलेल्या फांद्यांवर वावळाची बारीक हिरवट फुले येतात आणि नवी पालवी फुटण्यापूर्वीच त्यांचा पराग वाऱ्यावर जातो. दुसरा ऋतू सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंतचा. हा गवतांचा आणि तणांचा. हरळीसारखी गवते, तसेच राजगिरा व चाकवत ह्यांच्या कुळांतील रानटी तणे ह्या काळात फुलतात. एरंडाचा पराग मात्र थोड्याफार प्रमाणात वर्षभर आढळतो. राजस्थानात व दिल्लीच्या टेकड्यांवर विलायती कीकर, म्हणजेच आपली वेडी बाभूळ, ह्या यादीत येते. समुद्रकाठच्या प्रदेशांत नारळ आणि दक्षिणेत सुरू ह्यांचा उल्लेख केला पाहिजे. प्रत्येक गावाची यादी वेगळी असते. म्हणूनच ज्या त्या नगराचे 'पराग-पंचांग' तयार करणे अगत्याचे आहे. चंडीगढ नगरासाठी असे पंचांग तेथील वैद्यकीय संस्था व विद्यापीठ ह्यांतील संशोधकांनी तयार केले असून ते २०२२ साली लोकांपुढे ठेवण्यात आले.

महाराष्ट्राशी निगडित असलेल्या एका तणाची हकीकत येथे सांगणे आवश्यक आहे. १९५५ च्या सुमारास पुणे येथे गाजराच्या पानांसारखी पाने आणि बारीक पांढरी फुले असलेले एक अनोळखी झुडूप आढळले. मूळचे अमेरिका खंडातील हे तण परदेशी धान्याबरोबर आले असावे, असा समज आहे. पाहता पाहता ते रस्त्यांच्या कडा, पडीक जमिनी आणि रेल्वेमार्ग व्यापून देशभर पसरले. गाजर गवत, काँग्रेस गवत, चटक चांदणी ही त्याचीच नावे. ज्या रॅगवीड नावाच्या तणाने अमेरिकेत लक्षावधी लोक शिंकत असतात, त्याच्याच कुळातील हे आहे. त्याच्या स्पर्शाने अनेकांच्या त्वचेला दाह होतो आणि त्याच्या परागाने नाकाची ॲलर्जी होते. ह्या तणाचा नाश करण्यासाठी मेक्सिकोतून आणलेले भुंगेरे १९८४ साली बंगळूर येथे सोडण्यात आले. ते पाने खाऊन तणाला दुबळे करतात. परंतु फुले येण्यापूर्वी ते मुळासकट उपटणे हाच अजूनही प्रत्येक गावाच्या हातातील उपाय आहे.

५. शरीरात काय घडते?

मराठीत 'अमक्याला वांग्याचे वावडे आहे' असे आपण म्हणतो. ॲलर्जीचा अर्थ ह्या 'वावडे' शब्दात चांगला उतरला आहे. जी वस्तू इतरांना बाधत नाही ती एखाद्याच्या शरीराला शत्रूसारखी वाटते. 'ॲलर्जी' हा शब्द व्हिएन्ना येथील क्लेमेन्स फॉन पिर्के ह्या बालरोगतज्ज्ञाने १९०६ साली ग्रीक धातूंवरून बनवला. 'बदललेली प्रतिक्रिया' असा त्याचा आशय आहे.

ही प्रतिक्रिया रक्तातील एखाद्या द्रव्यामुळे होते, हे १९२१ साली प्राउस्निट्झ आणि क्यूस्टनर ह्या दोन जर्मन डॉक्टरांनी दाखवले. क्यूस्टनरला माशांचे वावडे होते. त्याच्या रक्तातील लस प्राउस्निट्झने स्वतःच्या त्वचेत टोचून घेतली आणि नंतर त्याच जागी माशाचा अर्क टोचला. तेव्हा तेथे गांध उठली. हे द्रव्य नेमके कोणते, हे कळण्यास आणखी पंचेचाळीस वर्षे लागली. १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेत काम करणारे किमिशिगे व तेरुको इशिझाका हे जपानी दांपत्य आणि स्वीडनमधील योहान्सन व बेनिच ह्यांनी ते स्वतंत्रपणे शोधून काढले. इम्युनोग्लोब्युलिन-ई हे त्याचे नाव. हा एक प्रतिपिंड, म्हणजे परक्या द्रव्यास ओळखून त्याला चिकटणारा पदार्थ आहे.

आता घटनांचा क्रम पाहू. वावळाचा पराग प्रथम नाकात शिरतो तेव्हा काहीच त्रास होत नाही. परंतु ज्याच्या अंगी तशी प्रवृत्ती आहे, अशा मनुष्याची रोगप्रतिकारक यंत्रणा त्या परागातील प्रथिनांना परजीवी जंतूंप्रमाणे शत्रू मानून त्यांच्याविरुद्ध हे प्रतिपिंड तयार करते. ही प्रवृत्ती पुष्कळदा आनुवंशिक असते. नाक, डोळे व श्वासनलिका ह्यांच्या श्लेष्मल त्वचेत 'मास्ट' नावाच्या पेशी असतात. प्रतिपिंड त्यांच्या पृष्ठभागावर जाऊन बसतात. सापळा असा तयार होतो. पुढल्या ऋतूत तोच पराग आला, की त्याची प्रथिने ह्या प्रतिपिंडांना जोडली जातात, मास्ट पेशी फुटल्यागत आपल्यातील रसायने ओततात आणि काही मिनिटांत शिंका सुरू होतात. ह्या रसायनांत हिस्टामीन हे प्रमुख आहे. त्याने सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात व पाझरतात, म्हणून नाक चोंदते व वाहते. मज्जातंतू चेतवले जातात, म्हणून खाज सुटते व शिंका येतात. हे झाल्यावर चार ते आठ तासांनी दुसऱ्या प्रकारच्या पेशी तेथे जमतात आणि सूज दीर्घकाळ टिकवतात. सकाळी बागेत फिरून आलेल्या माणसाचे नाक रात्री चोंदते, ते ह्यामुळे.

हवेतील बहुतेक परागकणांचा व्यास १५ ते ६० मायक्रोमीटर असतो; एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रोमीटर जाड असतो, ह्यावरून कल्पना येईल. एवढा कण नाकातच अडकतो. तो फुप्फुसाच्या बारीक नलिकांपर्यंत सहसा पोचत नाही. परंतु ओलाव्याने कण फुगून फुटला, तर त्यातील अतिसूक्ष्म कणिका थेट खोल जाऊ शकतात. २१ नोव्हेंबर २०१६ रोजी ऑस्ट्रेलियातील मेलबर्न नगरावर संध्याकाळी वादळ आले. राय-गवताच्या परागांनी भरलेल्या हवेत ते घुसले आणि काही तासांत हजारो लोक श्वास कोंडून रुग्णालयांत धावले. दहा जण दगावले. बाधितांपैकी अनेकांना पूर्वी दमा नव्हता. केवळ ऋतूप्रमाणे शिंका येत असत. शिंका हसण्यावारी नेऊ नयेत, हे सांगण्यास ह्याहून मोठा पुरावा नको.

६. निदान

निदानाचा पहिला आधार रुग्णाची हकीकत होय. त्रास कोणत्या महिन्यात सुरू होतो, घराबाहेर वाढतो की घरात, पाऊस पडल्यावर कमी होतो काय, आई-वडिलांपैकी कोणाला दमा वा गजकर्णसदृश खाज आहे काय, हे प्रश्न डॉक्टर विचारतात. वर्षभर सारखाच त्रास असेल, तर संशय परागाऐवजी घरातील धूळ, तीतील सूक्ष्म कीटक, बुरशी किंवा झुरळे ह्यांवर जातो.

त्यानंतर त्वचा-चाचणी. हाताच्या आतल्या बाजूस निरनिराळ्या परागांच्या अर्कांचे थेंब ठेवून सुईच्या टोकाने त्वचा किंचित टोचतात. पंधरा-वीस मिनिटांत ज्या ठिकाणी ठरावीक आकाराची गांध उठते, त्या परागाबद्दल शरीर जागृत आहे असे समजतात. चाचणीपूर्वी काही दिवस हिस्टामीनविरोधी औषधे बंद ठेवावी लागतात. ही चाचणी शक्य नसेल तेथे रक्तातील प्रतिपिंड मोजतात. मात्र चाचणीचा निष्कर्ष हकीकतीशी जुळला तरच त्याला अर्थ असतो. गांध उठूनही ज्यांना कधी त्रास होत नाही, असे लोक पुष्कळ आहेत.

७. आराम कसा मिळवावा?

पराग टाळणे. पराग पूर्णपणे टाळणे अशक्य, पण त्यांची मात्रा कमी करणे शक्य असते. कोरड्या, वाऱ्याच्या दिवशी हवेत पराग अधिक असतात. चांगला पाऊस पडून गेल्यावर कमी. आपल्या ऋतूत अशा दिवशी सकाळी खिडक्या लावून घ्याव्या. बाहेर जाताना नाक-तोंड झाकणारा मास्क आणि चष्मा वापरावा. बाहेरून आल्यावर कपडे बदलून तोंड व केस धुवावे. केसांत अडकलेले पराग रात्री उशीवर उतरतात. कपडे व पांघरुणे त्या दिवसांत उघड्यावर वाळत घालू नयेत.

नाक धुणे. जलनेतीची आपल्याकडील जुनी प्रथा येथे उपयोगी पडते. अर्धा लिटर पाण्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ घालून त्याने नाक धुतल्यास अडकलेले पराग व स्राव निघून जातात. हे पाणी उकळून कोमट केलेलेच हवे. नळाच्या किंवा विहिरीच्या कच्च्या पाण्यातील अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत जाऊन प्राणघातक रोग होऊ शकतो.

हिस्टामीनविरोधी औषधे. ह्या वर्गातील पहिले द्रव्य पॅरिस येथे दानिएल बोव्हे ह्यांच्या प्रयोगशाळेत १९३७ साली सापडले. बोव्हे ह्यांना १९५७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. क्लोरफेनिरामाइनसारखी जुनी औषधे मेंदूवर परिणाम करून गुंगी आणतात. लोराटाडिन व फेक्सोफेनाडिन ह्यांसारख्या नव्या औषधांत हा दोष फार कमी आहे. सेटिरिझिनने मात्र काहींना झोप येते. हा भेद विद्यार्थ्यांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. परीक्षेच्या दिवसांत परागज्वर असलेल्या, आणि विशेषतः गुंगी आणणारी औषधे घेणाऱ्या मुलांची श्रेणी घसरण्याचा संभव अधिक असतो, असे इंग्लंडमधील एका अभ्यासात २००७ साली आढळून आले. पालकांनी व शिक्षकांनी अशा मुलाला आळशी म्हणण्यापूर्वी तो कोणती गोळी घेतो, हे विचारावे.

नाकातील फवारे. त्रास रोजचा असेल, तर फ्लुटिकासोन, मोमेटासोन ह्यांसारख्या स्टेरॉइड औषधांचा नाकात मारावयाचा फवारा हा सर्वांत गुणकारी ठरतो. 'स्टेरॉइड' ह्या शब्दाने पुष्कळ लोक बिचकतात. परंतु फवाऱ्यातील मात्रा अत्यल्प असून ती बहुतांशी नाकापुरतीच राहते. तो रोज नियमाने वापरावा लागतो आणि पूर्ण गुण येण्यास काही दिवस जातात. म्हणून डॉक्टर तो ऋतूच्या थोडा आधीपासून सुरू करण्यास सांगतात. फवाऱ्याचे तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडे न ठेवता बाहेरच्या बाजूस ठेवावे. ह्याच्या उलट, चोंदलेले नाक क्षणात मोकळे करणारे झायलोमेटाझोलिनसारखे थेंब पाच-सात दिवसांपलीकडे वापरू नयेत. पुढे त्यांच्यामुळेच नाक अधिक चोंदू लागते. ऋतूच्या आरंभी स्टेरॉइडचे एक इंजेक्शन घेऊन मोकळे होण्याची प्रथा घातक आहे, आणि बिनानावाच्या पुड्या तर मुळीच घेऊ नयेत.

छातीत घरघर, रात्री खोकला वा दम लागणे ही लक्षणे असतील, तर ती दम्याची समजून तत्काळ डॉक्टरकडे जावे. दम्यावर शिंकांची गोळी पुरत नाही. श्वासावाटे घ्यावयाची औषधे लागतात.

परागाचीच लस. १९११ साली लंडनमध्ये लेनर्ड नून ह्याने गवताच्या परागाचा अर्क अगदी अल्प मात्रेत टोचून ती हळूहळू वाढवली, तेव्हा रुग्णांचे शरीर परागाला सरावू लागल्याचे त्याला आढळले. ही पद्धत सुधारलेल्या रूपात आज चालू असून काही परागांच्या बाबतीत जिभेखाली ठेवावयाच्या गोळ्याही निघाल्या आहेत. इतर औषधे लक्षणे दाबतात. ही एकच पद्धत मूळ प्रवृत्तीत बदल घडवते. परंतु तिला तीन वर्षे किंवा अधिक काळ चिकाटी लागते. क्वचित इंजेक्शननंतर सर्व शरीरभर तीव्र प्रतिक्रिया उमटून प्राणावर बेतू शकते. म्हणून ती तज्ज्ञाच्याच हाताने घ्यावी आणि नंतर अर्धा तास दवाखान्यात थांबावे. येथेही दोषी पराग अचूक ओळखला असला पाहिजे. भलत्याच परागाची लस व्यर्थ जाते.

स्थानिक मध खाल्ल्याने परागाची सवय होते, असा एक लोकप्रिय समज आहे. मधात येतात ते मुख्यत्वे कीटकांवर विसंबणाऱ्या फुलांचे पराग. आपल्याला छळणारे वाऱ्याचे. तेव्हा मध चवीसाठी खावा, औषध म्हणून त्यावर विसंबू नये.

८. सार्वजनिक कर्तव्य

काही पराग मनुष्याने स्वतःच ओढवून घेतलेले असतात. पाकिस्तानची नवी राजधानी इस्लामाबाद १९६० च्या दशकात उभारली जात असताना तेथे झपाट्याने वाढणारी कागदी तुती मोठ्या प्रमाणावर लावण्यात आली. आज दर मार्च महिन्यात त्या नगराच्या हवेत तिचे पराग इतके दाटतात, की श्वासाच्या रुग्णांनी तेथील रुग्णालये भरून जातात. सावली व वाढीचा वेग एवढेच पाहून वृक्ष निवडू नयेत, हा धडा आपल्या नगरपालिकांनीही घेण्याजोगा आहे. शाळा व रुग्णालये ह्यांच्या आवारात नवे वृक्ष लावताना कीटकांकडून परागण होणारे वृक्ष निवडावे. ह्याचा अर्थ उभी झाडे तोडत सुटावे, असा मात्र नव्हे. काश्मीरचे उदाहरण आपण पाहिलेच आहे.

९. शाळेत करून पाहण्याजोगे

काचपट्टीवर पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ थर द्यावा. ती शाळेच्या गच्चीवर, पाऊस लागणार नाही पण वारा लागेल अशा जागी, आडवी ठेवावी. चोवीस तासांनी तीवर ग्लिसरीन व सॅफ्रानीन ह्यांच्या मिश्रणाचा थेंब सोडून आच्छादन-काच ठेवावी आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे. गुलाबी रंग घेतलेले गोल, त्रिकोणी किंवा काटेरी कण दिसतील. ते परागकण होत. ठरावीक क्षेत्रातील कण मोजून रोजचा आकडा वहीत लिहावा. परिसरातील वावळ, एरंड, हरळी ह्यांची फुले आणून त्यांच्या परागाशी हे कण ताडून पाहावे. त्याच वहीच्या दुसऱ्या रकान्यात, वर्गातील किती मुलांना त्या दिवशी शिंकांचा त्रास झाला, हे नोंदवावे.

हे काम वर्षभर नेटाने केले, तर दोन रकाने एकमेकांशेजारी ठेवून आपल्या गावातील दोषी कोण आहे, त्याचा अंदाज विद्यार्थी स्वतः बांधू शकतील. ब्लॅकलीने दीडशे वर्षांपूर्वी ह्याहून फारसे वेगळे काही केले नव्हते. आणि ज्या मुलाची 'सर्दी' दर फाल्गुनात किंवा दर आश्विनात परत येते, त्याला डॉक्टरकडे जाताना ही वही बरोबर नेता येईल.